एंजल माशांची टाकी : काच बसवण्यापासून पिल्लं वेगळी करेपर्यंतच्या नोंदी (पुणे, २०२३-२४)

५ नोव्हेंबर २०२३

टाकी आली. बाहेरून ३६ × १५ × २० इंच, काच १० मिमी, वर दोन आडव्या पट्ट्या. उंचीवर मुद्दाम भर दिलाय. पुरता वाढलेला एंजल अंगाने पाच-सहा इंचच असतो, पण पाठीच्या पंखाच्या टोकापासून खालच्या पंखाच्या टोकापर्यंत आठ इंच भरतो. बारा इंच उंचीच्या टाकीत ते पंख वाळूला घासत राहतात आणि वाकडे होतात. मासा मरत नाही, पण देखणेपण गेलं.

वजनाचा हिशेब: काच ४२ किलो, वाळू १९, पाणी १४५, म्हणजे २१० च्या आसपास. स्टँड लोखंडी अँगलचा, बीम जाते त्या भिंतीलगत. पाणसळ लावली तर पुढचा डावा पाय ३ मिमी खाली निघाला. रबराची चकती पायाखाली घातली. काचेखाली पुठ्ठा सारायचा नाही. ओल लागली की तो दबतो, सगळा भार एका कोपऱ्यावर येतो आणि तळ तडकतो. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये १० मिमी थर्माकोल, अख्खा, जोड नसलेला.

पाणी भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. बारीक गळतीचा थेंब दिसायच्या आधी कागदावर डाग दिसतो.

८ नोव्हेंबर

कागद कोरडा. टाकी रिकामी केली.

वाळू नदीची, १ ते २ मिमी चाळलेली. पेलाभर वाळूवर व्हिनेगर ओतलं. फसफसली असती तर तिच्यात चुना आहे असं समजायचं आणि परत पाठवायची. फसफसली नाही. तरी शिंपल्याचे बारके तुकडे वेचून काढले. पाणी नितळ यायला नऊ बादल्या गेल्या. थर दीड इंच, त्याहून जाड नको, तळाशी घाण कुजते. लाकडाचा एक ओंडका दोनदा उकळून, मागे व्हॅलिसनेरिया, मध्ये ॲमेझॉन स्वोर्डची दोन झाडं. दिवा आठ तास.

११ नोव्हेंबर

नळाचं पाणी: पीएच (आम्लतेचं माप) ७.४, जीएच (पाण्याचा जडपणा) ५, केएच (आम्ल शोषून पीएच टिकवणारे क्षार) ४, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १४०. सोसायटीच्या बोअरचं पाणी: जीएच १८, टीडीएस ६२०. एंजल बोअरच्या पाण्यातही जगतात, वाढतातही, पण इतक्या जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत. पुढे पिल्लं काढायची आहेत, म्हणून पहिल्यापासून नळाचंच पाणी.

दोन स्पंज फिल्टर, ५ वॉटचा एअर पंप. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व हवाच. वीज गेली की नळीतून पाणी उलटं उतरतं. आधी पंप जातो, मग जमीन भिजते. पंप इन्व्हर्टरवर घेतला, हीटर नाही. हीटर १५० वॉट, २८ अंशांवर.

मासे न टाकता सायकलिंग सुरू, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं. अमोनियासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तो खडा घेऊ नये, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध पावडर आणली. लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनियाला ३.१४ मिलिग्रॅम नवसागर लागतो. १४५ लिटरला २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) करायचं तर ०.९१ ग्रॅम. दर वेळी एवढंसं तोलण्यापेक्षा ९.१ ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली; ५० मिली म्हणजे एक मात्रा. पहिली मात्रा आज. जुन्या, निरोगी टाकीतला पिळलेला स्पंजचा मळ वाटीभर मिळाला, तोही टाकला. बाटलीतल्या 'जिवंत' जिवाणूंपेक्षा या काळपट पाण्यावर जास्त भरवसा.

२४ नोव्हेंबर

अमोनिया शून्य, नायट्राइट चढलंय. दुसरी मात्रा.

४ डिसेंबर

पाचवी मात्रा. आता अमोनिया दोन-तीन दिवसांत संपतोय. नायट्राइट चाचणीच्या पट्टीबाहेर, गडद जांभळं.

९ डिसेंबर

अडकलं. सहावी मात्रा तीन दिवस तशीच पडून, अमोनिया हलत नाही. जिवाणू मेले असं समजून लोक इथेच टाकी उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. आधी पीएच बघायचा. निघाला ६.२, केएच १ च्याही खाली.

कारण सरळ आहे. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला केएच खातं. २ पीपीएमची एक मात्रा साधारण ०.६६ केएच खाते. पाच मात्रांत ३.३ गेला, मुळात होताच ४. पीएच साडेसहाच्या खाली घसरला की हे जिवाणू सुस्तावतात. जड पाणी असलेल्या गावात हे होत नाही, म्हणून तिकडच्या सल्ल्यात हा मुद्दा सापडत नाही.

उपाय: निम्मं पाणी बदललं. त्याने नायट्राइटही निम्मं झालं, तेही फार चढलं की काम मंदावतंच. वर ६ ग्रॅम खायचा सोडा. १४५ लिटरला १ केएच वाढवायला ४.३५ ग्रॅम सोडा लागतो, सपाट चमचाभर म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. संध्याकाळी पीएच ७.३.

२० डिसेंबर

२ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत साफ, नायट्राइटही शून्य. नायट्रेट ८० च्या वर. ८० टक्के पाणी बदललं. मासे येईपर्यंत रोज अर्धी मात्रा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील.

२३ डिसेंबर

सहा पिल्लं, अंग रुपयाच्या नाण्याएवढं, सगळी साधी चंदेरी पट्टेवाली. सहाच का? या वयात नर-मादी ओळखता येत नाही. सहा घेतली तर सगळी एकाच लिंगाची निघायची शक्यता ६४ मध्ये २. जोडी म्हणून विकतात त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

निवडताना बघायचं ते असं: पोटाखालच्या दोन्ही लांब मिशा सरळ आणि सारख्या लांबीच्या, पाठीचा पंख ताठ, कपाळ खपाटीला गेलेलं नाही, दोन्ही कल्ले हलताहेत, दुकानदाराने चिमूटभर खाणं टाकलं की मासा पुढे येतो. कोपऱ्यात शेपटी खाली करून उभा असलेला मासा स्वस्तातही नको.

पिशवी बांधून अर्धा तासच झाला होता, म्हणून पंधरा मिनिटं तरंगवली, मग कपाकपाने टाकीचं पाणी. पिशवीतलं पाणी टाकीत ओतलं नाही. चेन्नईच्या कोलातूरहून पार्सलने आलेल्या माशांना मात्र ही हळुवार पद्धत घातक. दिवसभर बंद पिशवीत पीएच उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. ताजं पाणी थेंबथेंब घातलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे तापमान जुळवून मासे जाळीने सरळ आत.

सोबतीला तळाशी राहणारे सहा कोरिडोरास मासे, तेही महिनाभर वेगळे ठेवून. निऑन टेट्रा नाहीत. आज शेजारी दिसतात, आठ महिन्यांनी खाऊ होतील. टायगर बार्ब तर अजिबात नाहीत, ते एंजलच्या मिशा कुरतडतात.

७ जानेवारी २०२४

आहार बसवला. ४५ टक्के प्रथिनांचे १ मिमी दाणे दिवसातून तीनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), चहाच्या गाळणीत वितळवून, लाल पाणी फेकून. जिवंत ट्युबिफेक्स किडा नाही. तो गटारातून येतो.

आठवड्यातून दोनदा ४० टक्के पाणी, म्हणजे वीस लिटरच्या तीन बादल्या. क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेट): २० ग्रॅम खडे २०० मिली पाण्यात, बादलीला १ मिली. एवढ्याने ०.७ पीपीएम क्लोरीन मरतो.

१८ फेब्रुवारी

अंग दीड इंच. नायट्रेट १५. नोंदण्यासारखं काही नाही, आणि तेच बरं.

१४ एप्रिल

दुपारी पाणी ३२.५ अंश. एंजल ३० पर्यंत निवांत असतात. त्यापुढे ऊन सोसवतं, पण पाण्यात प्राणवायू कमी पडतो. पहाटे मासे वर येऊन कल्ले भराभरा हलवताना दिसले. काचेचं झाकण काढून जाळी बसवली, पृष्ठभागावर तिरका १२ सेंमीचा पंखा लावला. काही तासांत अडीच अंश उतरले. बर्फाच्या बाटल्या टाकू नयेत. तापमान झपकन पडतं आणि तितक्याच वेगाने चढतं.

२६ एप्रिल

पंख्याची किंमत कळली. रोज अडीच लिटर पाणी उडतंय. नळाला पाणी कमी, म्हणून दहा दिवस बदल टाळला आणि भर टँकरच्या पाण्याची घातली. आज जीएच ५ वरून ८. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. वर पंचवीस लिटर, १८ जीएचचं पाणी ओतलं, म्हणजे टाकीत सरासरी ३ ची भर. हिशेब तंतोतंत जुळतो. यापुढे उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओची, नळाचं पाणी बदलायच्या दिवशी.

१९ मे

एक मासा दाणा तोंडात घेऊन थुंकतोय. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी, लोंबती. आतड्यातल्या हेक्झामिटा या परजीवीची ही नेहमीची खूण. उष्णतेने आणि गर्दीने उचल खाते. २० लिटरच्या मोकळ्या टाकीत वेगळा काढला. मेट्रोनिडॅझोल ४० लिटरला २५० मिलिग्रॅम या प्रमाणात, म्हणजे २० लिटरला १२५ मिलिग्रॅम, गोळी खलबत्त्यात कुटून, कोमट पाण्यात ढवळून. नुसती पाण्यात टाकलेली गोळी तळाशी चिखल होऊन बसते. रोज निम्मं पाणी बदलून पुन्हा औषध, पाच दिवस. औषध माणसांचं आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नये. मुख्य टाकीत औषध टाकलं नाही. एकासाठी पाचांना कशाला?

२७ मे

मासा खातोय. आठवडाभर थांबून परत.

१२ जुलै

घाटमाथ्यावर पाऊस, नळाला गढूळ पाणी. ओटी (ऑर्थोटोलिडिन) थेंबाने क्लोरीन तपासला: १.५ पीपीएम. नेहमीच्या १ मिली हायपोने निम्माच मेला असता. पावसाळाभर बादलीला ३ मिली. बदल केल्यावर मासे अंग घासू लागले, पंख मिटून खाली बसले तर रोग शोधण्याआधी बादलीतलं पाणी तपासावं.

११ ऑगस्ट

जोडी जमली. उजवा कोपरा दोघांनी बळकावलाय, उरलेले चौघे हीटरमागे दाटीवाटीने. दोघं समोरासमोर येऊन अंग थरथरवतात, स्वोर्डचं एकच पान तोंडाने चोळत राहतात. चौघे दुसऱ्या टाकीत हलवायला हवेत, नाहीतर मिशा तुटतील. सोयीसाठी उलट केलं: जोडीच हलवली, २४ × १५ × १८ इंची टाकीत. तळ उघडा, वाळू नाही, आधीच रुळलेला एक स्पंज फिल्टर, २७ अंश.

अंडी घालायला जागा हवी. शाळेची दगडी पाटी आणली, चौकट काढून, उभ्याला किंचित तिरकी टेकवून. पत्र्याची रंगवलेली पाटी चालत नाही. शहाबादी फरशीचा तुकडा फुकट मिळतो आणि तो बरेच जण टाकतात, पण शहाबादी हा चुनखडकच, कडप्पाही तसाच. दोन्ही पाणी जड करतात. पाटी नसेल तर दोन इंची पीव्हीसी पाइपचा उभा तुकडा चालेल.

४ सप्टेंबर

पहिली अंडी. दोन तास आधी पोटाखालच्या नळ्या दिसू लागल्या: मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक, टोकदार, पुढे कललेली. खात्रीने नर-मादी ओळखायची हीच वेळ. मादी पाटीला पोट टेकवून खालून वर सरकते आणि मागे एक रांग उमटते. नर त्याच रांगेवरून जातो. अंडी मधाच्या थेंबासारखी, पारदर्शक.

६ सप्टेंबर

सगळी पांढरी. फळलेलंच नाही. दोन्ही माद्या असत्या तर असंच झालं असतं, पण नराची नळी पाहिली आहे. संशय फिल्टरवर: बुडबुड्यांचा झोत पाटीला थेट घासत होता, नराचं रेत तिथे टिकलंच नसेल. फिल्टर लांबच्या कोपऱ्यात, हवा निम्मी.

१६ सप्टेंबर

दुसरी वेळ. रात्री पाहिलं तेव्हा मोजकीच पांढरी, म्हणजे झोताचा संशय खरा. रात्री एक मंद दिवा चालू ठेवला. अंधारात आईबापांना अंडी दिसत नाहीत, धक्का बसला की खाऊन टाकतात.

१८ सप्टेंबर

पाटी स्वच्छ. काल अनंत चतुर्दशी, रात्रभर ढोल, खिडकीची काच थरथरत होती आणि स्टँडही. मंद दिव्याने निस्तरण्यासारखं हे नव्हतं. नवखी जोडी पहिली तीन-चार वेळा अशीही खातेच. पुढची अंडी काढून घ्यायची.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ६

तिसरी वेळ. मोबाइलवर फोटो काढून चौकोन आखून मोजली: २८० च्या आसपास. पाटी उचलून १० लिटरच्या काचेच्या डब्यात, पाणी त्याच टाकीतलं. दोन-चार सेकंद हवा लागली तर अंड्यांना काही होत नाही. अंड्यांची बाजू खाली कललेली, म्हणजे घाण बसत नाही. एअरस्टोन पाटीपासून दोन बोटं दूर. बुडबुडे शेजारून जावेत, अंगावरून नाही. मिथिलिन ब्लू १ टक्क्याचं २ मिली, बुरशीसाठी. २८ अंश, डब्याला कापड गुंडाळून अंधार.

३० सप्टेंबर

४६ पांढरी. उरलेल्यांत भिंगातून काळा ठिपका आणि शेपटीची हालचाल. पांढरी टोचून काढायचा मोह आवरला, शेजारची फुटतात.

१ ऑक्टोबर, सकाळी

साठ तासांत फुटली. पिल्लं डोक्याच्या चिकट धाग्याने पाटीला लटकलेली, शेपट्या अखंड वळवळताहेत. सगळी पाटी थरथरल्यासारखी दिसते. पोटाला पिवळा बलक आहे, तोवर खाणं देणं म्हणजे पाणी नासवणं. निळं पाणी दोन दिवसांत निम्मं-निम्मं करून उतरवलं.

३ ऑक्टोबर

आर्टेमियाची (पिल्लांना जिवंत खाऊ म्हणून अंड्यांतून काढायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) पहिली बाटली लावली, पोहायला लागण्याआधी तयारी. तळ कापलेली मोठी बाटली उलटी, बुचातून हवेची नळी. १ लिटर पाणी, आयोडीन नसलेलं खडे मीठ २५ ग्रॅम, चिमूटभर सोडा, १ ग्रॅम अंडी. २८ अंश, जोरात हवा, वर दिवा, चोवीस तास. अंड्यांचा डबा फ्रिजमध्ये, झाकण घट्ट. दमट झालेली अंडी फुटत नाहीत.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. तपकिरी टरफलं वर येतात, न फुटलेली तळाशी बसतात, मधला नारिंगी ढग तेवढा नळीने मलमलीच्या कापडावर ओढायचा आणि गोड्या पाण्याने धुवायचा. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं. फुटल्यावर सहा-आठ तासांत आर्टेमियातलं सत्त्व कमी होत जातं, म्हणून दोन बाटल्या, बारा तासांच्या अंतराने.

५ ऑक्टोबर

पोहू लागली, झुंबडीने. १९० असावीत. पहिला घास: तासाभरात पोटं नारिंगी. पोट नारिंगी नसलेलं पिल्लू मागे पडलेलं, उद्या दिसणार नाही.

८ ऑक्टोबर

सकाळी तळाशी चाळीसएक मेलेली. अमोनिया ०.५. चूक खाण्याची: रात्री जास्त आर्टेमिया टाकला, तो गोड्या पाण्यात काही तासांत मेला आणि कुजला. आता दिवसातून चारदा, चिमटीने. शेवटचं खाणं दिवा मालवण्याच्या दोन तास आधी. खाल्ल्यावर अर्ध्या तासाने हवेच्या नळीने तळ ओढायचा, नळीचं दुसरं टोक पांढऱ्या टबात. पिल्लं ओढली गेली तर दिसतात, परत घेता येतात. रोज निम्मं पाणी, तापमान जुळवून. मुख्य टाकीतला जुना स्पंज फिल्टर डब्यात लावला. तो पहिल्या दिवशीच लावायला हवा होता.

१३ ऑक्टोबर

१४० उरली. जोडीच्या टाकीएवढ्याच दुसऱ्या टाकीत हलवली, पाणी फक्त ३० लिटर. एकदम १०० लिटरमध्ये सोडली तर खाणं पसरतं आणि पिल्लं ते शोधण्यातच दमतात. पाणी रोज थोडं वाढवायचं.

२७ ऑक्टोबर

चौथा आठवडा. पंख वर-खाली फुटून एंजलचा आकार आला. आर्टेमियाबरोबर दाण्यांचा भुगा सुरू, आधी दाणे मग आर्टेमिया, उलट क्रमाने दाण्याला कोणी तोंड लावत नाही. नऊ पिल्लांना मिशा नाहीत किंवा एकच आहे. ८ तारखेच्या घाणीचा हा हिशेब असावा.

१७ नोव्हेंबर

मोजली: १२४. त्यांपैकी ३१ वर पट्टेच नाहीत, अंग पिवळसर. आईबाप दोघंही चंदेरी, पण दोघांकडे सोनेरीचं एकेक दबलेलं जनुक असलं की चारातलं एक पिल्लू सोनेरी निघतं. इथे बरोबर चौथा हिस्सा निघाला. याच जोडीची पुढची अंडी ठेवताना हे लक्षात घ्यायचं.

आज विभागणी: नऊ सदोष पिल्लं वेगळी, त्यांची पैदास करायची नाही. उरलेली ११५ दोन टाक्यांत. तरी दाटीच आहे. पाणी रोज ४० टक्के बदललं तरच तीन आठवडे चालेल. सव्वा इंच झाल्यावर टाकीमागे पंचवीसच ठेवायची, बाकी द्यायची. जोडीने काल पुन्हा पाटी चोळायला घेतली आहे. पाटी काढून ठेवली.